टोकाचा एक ग्रॅम

मासेमारीच्या सामानाचा कुठलाही कॅटलॉग उघडा, फ्लाय रॉडच्या चित्राखाली लांबीच्या शेजारी वजन छापलेलं असतं. नऊ फुटी, पाच नंबरची लाइन पेलणारी कार्बनची काठी साधारण ८० ते ९० ग्रॅम भरते. समजा एकीवर ८८ लिहिलंय आणि दुसरीवर ८२. गिऱ्हाईक सहा ग्रॅम वाचले म्हणून खुशीत दुसरी घेतं, घरी येऊन लाइन गुंडाळायची रील चढवतं, अंगणात चार वेळा हलवतं आणि विचारात पडतं. ८२ ग्रॅमची काठी मनगटाला जड लागते, आणि मित्राची ८८ची जणू हातात नाहीच. काटाही खोटा नाही आणि मनगटही खोटं नाही. वजन किती आहे हे काटा सांगतो. ते कुठे आहे हे सांगणं त्याच्या कुवतीबाहेरचं काम.

मागणीनुसार काठी बांधून देणारे कारागीर ज्या एका गोष्टीवर डोकं खपवतात ती हीच: वजन कुठे ठेवायचं. आणि हे शास्त्र समजून घ्यायला अमरावती-अकोल्याच्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. या काठ्यांच्या कुळाचा एक धागा थेट आपल्या मेळघाटात उगवणाऱ्या बांबूच्या जातीपर्यंत पोचतो.

आधी ही काठी करते काय ते पाहू. अमरावतीच्या वडाळी तलावावर गळ टाकून बसणाऱ्याच्या हातात बांबूची साधी काठी असते, दोरा असतो, गळाला गांडूळ आणि वर शिशाचा तुकडा. फेकताना शिसं पुढे जातं आणि दोऱ्याला ओढत नेतं. एकदा गळ पाण्यात पडला की काठी काठावर टेकवून बिडी ओढायला मोकळीक. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं होतं. गळावर पिसं आणि धागे गुंडाळून किड्याचं सोंग केलेलं असतं आणि त्याला वजन असं नसतंच. ते पिसाचं सोंग पन्नास फुटांवर फेकायचं तर वजन दुसरीकडून आणावं लागतं, म्हणून ते लाइनमध्ये घातलेलं असतं. जाड, लेपन केलेली लाइन हवेत मागे उडवायची, ती पाठीमागे सरळ झाली की पुढे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आणि मग सोडायची. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या उत्पादकांनी या लाइनींना नंबर ठरवून दिले. पाच नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन १४० ग्रेन, आपल्या हिशेबात सुमारे ९ ग्रॅम. आठ नंबर म्हणजे २१० ग्रेन, साडेतेरा ग्रॅमच्या आसपास.

म्हणजे दिवसभर काठी हवेत हलती राहते, आणि हलवून हलवून काय फेकायचं तर नऊ ग्रॅम. यातच सगळी गोम आहे. ज्या काठीनं नऊ ग्रॅम फेकायचे तिच्या स्वतःच्या टोकाला एक ग्रॅम जास्त असला तर ती लाइनचं काम कमी आणि स्वतःचं ओझं वाहण्याचं काम जास्त करते. जवळचा मासा धरायला दहाच फूट लाइन बाहेर काढली तर बाहेर असलेलं वजन तीन ग्रॅम. तेव्हा तर टोकाचा तो एक ग्रॅम मालाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होतो.

आता बांबूकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेतल्या काठ्या लाकडाच्या असत. ग्रीनहार्ट, लान्सवूड, हिकरी अशा चिवट जातींच्या. सामन माशासाठी दोन्ही हातांनी धरायच्या लांबलचक ग्रीनहार्टच्या काठ्या किलोभर सहज भरत. त्या उचलून दिवस काढणाऱ्यांच्या खांद्यांना नमस्कारच केला पाहिजे. १८४०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप या बंदूक कारागिरानं, जो व्हायोलिनही बनवत असे, बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, चिकटवून काठीची टोकं तयार केली. पुढे १८७०च्या दशकात हायरम लेनर्ड यानं सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी यंत्रावर कापायला सुरुवात केली. ते यंत्र तो बंद खोलीत ठेवी, असं त्याच्याबद्दल आवर्जून सांगितलं जातं. या सगळ्यांनी वापरलेला बांबू 'कलकत्ता केन' या नावानं विकला जाई, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढे. बहुतेक जाणकार त्याची जात डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस अशी सांगतात.

म्हणजे आपली मानवेल. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर, धारणी-चिखलदऱ्याच्या जंगलात जो बांबू दिसतो त्यात मोठा भरणा हिचाच. लेनर्डच्या कारखान्यातला बांबू मेळघाटातून गेला असं मी म्हणत नाही. कलकत्त्याला माल पूर्व आणि उत्तर भारतातून जाई. पण जात तीच. त्या बांबूवर काळपट भाजल्याच्या खुणा असत आणि अमेरिकन कारागीर त्यावर कुरकुरत, कारण भाजलेली पट्टी टोकाला चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला 'टोंकिन' बांबू बाजारात आला; त्याची पेरं लांब, तंतू दाट, गाठी बसक्या. कलकत्त्याचा माल मागे पडला. टोंकिनला शास्त्रीय नाव मिळालं १९३१ साली, तेव्हा तो अर्ध्या जगाच्या काठ्यांत जाऊन बसला होता. १९५० नंतर अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केल्यावर तोही मिळेना. तोवर फायबरग्लास आलं होतं, आणि १९७३ साली फेनविक कंपनीनं कार्बनच्या तंतूंची फ्लाय रॉड विकायला काढली.

मानवेलीचा एक तुकडा आडवा कापून हातात घ्या. बुरडाच्या दुकानात कोपऱ्यात पडलेला कुठलाही चालेल. कोरड्या रानातली मानवेल जवळजवळ भरीव असते, मधलं भोक बारीक, कधी कधी नसतंच. म्हणून तर लाठ्या आणि भाल्यांचे दांडे हिचे होत. कापलेल्या तोंडावर थोडं पाणी लावून उजेडात धरा. बाहेरच्या सालीलगत काळसर ठिपके इतके दाट दिसतात की ते वेगळे मोजता येत नाहीत. आत जावं तसे ते विरळ होतात, आणि मधोमध फिकट भुसभुशीत गर राहतो. प्रत्येक ठिपका म्हणजे उभ्या तंतूंची एक जुडी. ताकद त्या जुड्यांत असते, गर नुसता जागा भरतो. बुरुड हे जाणतो. सुपाला आणि टोपलीच्या काठाला तो सालीकडची कामटी राखून ठेवतो. काठी बांधणारा हेच टोकाला नेतो. तो सालीलगतचा काही मिलिमीटरचा थर ठेवतो, गर तासून फेकून देतो, आणि उरलेल्या सहा पट्ट्या साठ-साठ अंशांच्या कोनात तासून, साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवतो. तयार काठी मुठीजवळ सात-आठ मिलिमीटर जाड आणि टोकाला दोन मिलिमीटरहूनही बारीक होते.

गर का फेकायचा, याचं गणित सोपं पण अनपेक्षित आहे. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो, वजन मात्र दुसऱ्या घाताप्रमाणे. भरीव दांड्याच्या मधून निम्म्या व्यासाचं भोक पाडलं तर वजन चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के कमी होतं; ताठपणा मात्र सोळाव्या हिश्श्यानं, जेमतेम सव्वासहा टक्के घटतो. मधला माल फुकट बसून खातो. हे कळल्यावर १९३०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या विन्स्टन कंपनीतल्या लू स्टोनर यांनी पट्ट्या आतून कोरून पोकळ काठ्या बांधल्या. कार्बनची काठी तर जन्मतःच नळी असते, भिंत कागदासारखी पातळ, आणि तिचा तंतू बांबूच्या कितीतरी पट ताठ. लाठीला मात्र हा न्याय लागू नाही. लाठीनं मार खायचा आणि द्यायचा असतो. तिथे भरीवपणा हवाच.

वजनाची जागा हाताला कशी कळते, हे पाहायला अमरावतीतच उत्तम सोय आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे लाठी, बोथाटी, मल्लखांब, बनेटी अशा देशी खेळांचं मोठं ठाणं. याच मंडळाच्या चमूनं १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे हे खेळ करून दाखवले होते. यातली बनेटी हातात घ्या. काठी मध्यावर धरायची, दोन्ही टोकांना कापडाचे बोळे, कधी ते पेटवलेलेही. मध्यावर एका बोटावर ठेवली तर बनेटी तंतोतंत तोलून राहते, कुठल्याही बाजूला झुकत नाही. मग फिरवायला घ्या. सुरुवातीलाच मनगट कुरकुरतं, आणि एकदा फिरायला लागली की थांबवायलाही तेवढाच जोर लागतो. बोळे काढून तेवढ्याच वजनाचं कापड काठीच्या मध्यावर मुठीशी गुंडाळलं तर वजन तेच, तोलही तोच, आणि काठी भिरभिर फिरते.

तर 'तोल' या नावाखाली हाताला दोन निरनिराळ्या गोष्टी जाणवत असतात. काठी आडवी, स्थिर धरली असता ती पुढे झुकते की नाही, ही एक. ती हलवायला आणि थांबवायला किती जोर लागतो, ही दुसरी. पहिलीत वजनाला अंतरानं गुणायचं, दुसरीत अंतराच्या वर्गानं. दुकानदारांचे निम्मे सल्ले हा फरक न कळल्यामुळे चुकतात.

आकडे घालून पाहू. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. मूठ धरल्यावर हातापासून टोक २५० सेंटिमीटरवर आणि रील हाताच्या मागे १० सेंटिमीटरवर आहे असं धरा. टोकाला एक ग्रॅम वाढला. स्थिर काठीत त्याचा झुकाव १ × २५०, म्हणजे २५०. तो मागून फेडायचा तर रीलच्या जागी २५ ग्रॅम वाढवावे लागतील. २५ × १० झाले २५०. झाला हिशेब चुकता, काठी बोटावर तोलून राहिली. आता ती हलवा. टोकाचा एक ग्रॅम: १ × २५० × २५०, म्हणजे ६२,५००. रीलजवळचे पंचवीस ग्रॅम: २५ × १० × १०, म्हणजे २,५००. बेरीज ६५,०००. तोल साधण्याआधी हलवायचं ओझं ६२,५०० होतं, साधल्यावर ते वाढलं. मागे वजन टाकून पुढचं वजन रद्द होत नाही. फक्त काठी झुकायची थांबते. उलट बाजूनं पाहा: टोकाचा एक ग्रॅम कमी केल्यानं हलवण्यात जेवढी सुटका मिळते तेवढी मिळवायला रीलच्या जागचे ६२५ ग्रॅम कमी करावे लागले असते, आणि एवढी जड रील कुणी लावतच नाही. बंडी उलाळ होऊ नये म्हणून गाडीवान पोती पुढे-मागे सरकवतो, पण त्यामुळे बैलांना ओढायचा माल काही कमी होत नसतो.

बांबूच्या दुकानात एकदा मी काठ्या काट्यावर ठेवून बघत होतो तेव्हा म्हातारे बुरुडबाबा म्हणाले, "काट्यावर कायले ठेवता भाऊ, हलवून पाहा ना." अंतराच्या वर्गाचं सूत्र मनगटाला आधीच पाठ असतं, ते कागदावर मांडायला आपल्याला वेळ लागतो.

मग जड रील लावून काठी तोलायची ही रीत खोटी समजायची का? नाही. माझं मत असं आहे की ती अर्धी खरी आहे, आणि अर्धी कुठली हे मासेमारीच्या प्रकारावर ठरतं. नाल्यात खोल पाण्यातून बुडता किडा वाहत नेण्याची जी युरोपी पद्धत आहे, तीत दहा-अकरा फुटी काठी हात लांब करून मिनिटांमागून मिनिटं उंच धरून ठेवतात, फेकणं कमीच. तिथे पहिला तोल महत्त्वाचा. म्हणून ते लोक मुद्दाम जड रील लावतात आणि तेच बरोबर आहे. तलावावर दिवसभर फेकत राहायचं असेल तर दुसरा तोल महत्त्वाचा, आणि तो टोक हलकं केल्याशिवाय सुधारत नाही. शिवाय माणूस नुसतं मनगट फिरवत नाही. कोपर फिरतं, खांदा उचलतो, आणि कोपरापासून मोजलं तर रीलही दहा सेंटिमीटरवर राहत नाही, चांगली हातभर दूर जाते. म्हणून मागे बेसुमार वजन लादलं तर संध्याकाळी खांदा त्याची आठवण करून देतो.

मागे वजन लादून तोल साधण्याची कल्पना नवी नाही, आणि ती याच बांबूवर झाली होती. इंग्रज अंमलदार घोड्यावरून रानडुकराची शिकार करत तेव्हा भाल्याचे दांडे भरीव मानवेलीचे असत. दख्खन-मुंबईकडचा भाला लांब, सात-आठ फुटी, खालून धरायचा. बंगालकडचा आखूड, सहा-साडेसहा फुटी, वरून खुपसायचा, आणि त्याच्या बुडाला शिसं भरलेलं असे. आखूड दांडा मागच्या बाजूनं धरायचा असल्यामुळे मागचं शिसं हाताला फाळाचं वजन जाणवू देत नसे, आणि वरून घाव घालताना तेच शिसं घावाला भार देई. म्हणजे वजनाची जागा आधी ठरवायची ती कामावरून, मग हातावरून.

या पार्श्वभूमीवर मागणीनुसार बांधलेल्या काठीकडे पाहिलं तर कारागीर कशासाठी पैसे घेतो ते कळतं. कारखान्यातून येणारा कोरा दांडा त्याच्या हातात असतो. त्यावर काय आणि कुठे चढवायचं हे तो ठरवतो. लाइन ज्यातून धावते त्या कड्या, म्हणजे गाइड, नऊ फुटी काठीला टोकाची धरून साधारण दहा असतात. एका कडीचं वजन ग्रॅमचा अंश. पण दोन पायांच्या कडीला दोन ठिकाणी दोरा गुंडाळावा लागतो, त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप येतो, आणि टोकाकडच्या बारीक कड्यांच्या बाबतीत हा लेप कधी कधी कडीपेक्षा जास्त भरतो. हौशी माणूस इथेच फसतो: चमक यावी म्हणून इपॉक्सीचे गुबगुबीत थर चढवतो, काठी दिसते छान आणि वागते सुस्त. जाणता कारागीर वरच्या अर्ध्यात एका पायाच्या कड्या लावतो, बारीक दोरा आखूड गुंडाळतो आणि एकाच पातळ थरावर थांबतो. मुठीकडच्या मोठ्या कडीवर मात्र तो हौस भागवून घेतो, रंगीत दोरे, नक्षी, काय हवं ते. तिथे दोन ग्रॅमनं काही बिघडत नाही.

कड्या कमी केल्या तर? वजन कमी होईल, पण काठी वाकल्यावर दोन कड्यांमधली लाइन दांड्याच्या बाकापासून सुटून सरळ रेषेत ताणली जाईल आणि ताण सगळ्या दांड्यावर सारखा वाटला जाणार नाही. म्हणून कड्या आधी कागदी टेपनं चिकटवतात, टोकाला वजन बांधून काठी वाकवतात, लाइन बाकाच्या किती जवळून जाते ते पाहत एकेक कडी पुढे-मागे सरकवतात, आणि समाधान झालं की मगच दोरा गुंडाळतात. हे काम सावकाश करायचं असतं.

बांबूच्या काठीत आणखी एक खोड म्हणजे जोड. दोन तुकडे जोडायला निकेल सिल्व्हरची नळी वापरतात. तो धातू नेमका काठीच्या मध्यावर बसतो. तीन तुकड्यांची काठी प्रवासाला सोयीची, पण तिच्यात दुसरी नळी टोकाच्या आणखी जवळ जाते. एसटीच्या गर्दीत पाच फुटी तुकडा सांभाळणं सोपं नाही, हे मान्य. तरी बांबूची काठी बांधायची तर ती दोनच तुकड्यांत बांधावी असं मला वाटतं.

मुठीचा भाग वजनात जड असला तरी हाताखालीच असल्यामुळे त्याचं ओझं जाणवत नाही. तिथे पाहायचं ते रील नेमकी कुठे बसते. एका रचनेत रील मुठीकडे सरकवून आवळतात, दुसरीत काठीच्या अगदी बुडाकडे. फरक तीन-चार सेंटिमीटरचा, पण १० सेंटिमीटरवरची रील १३वर गेली तर तेवढ्याच वजनाची रील मागे तीस टक्के जास्त झुकाव देते. नवी जड रील विकत घेण्यापेक्षा हा उपाय स्वस्त. कारागीर मूठ चिकटवण्याआधी गिऱ्हाइकाची रील मागवून घेतो तो यासाठीच. रीलवर लाइन भरलेली असावी, आणि तोल बघताना नेहमीच्या फेकीइतकी लाइन कड्यांमधून बाहेर काढून ठेवावी. रिकाम्या रीलवर साधलेला तोल पाण्यावर बिघडतो.

काठी किती ताकदीची हे कॅटलॉगवर विश्वास न ठेवता घरीच मोजता येतं. अमेरिकेत विल्यम हॅनेमन यांनी यासाठी एक साधी रीत लोकप्रिय केली. मूठ टेबलाला आडवी बांधायची, टोकाला पिशवी टांगायची आणि टोक काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत पिशवीत एक-एक सेंट टाकत जायचं. त्यांचं नाणं अडीच ग्रॅमचं. आपल्याला २०११च्या मालिकेतला एक रुपया घेता येतो, तो ३.७९ ग्रॅमचा असतो. २०१९च्या मालिकेतला नवा रुपया हलका आहे, तेव्हा दोन्हीची सरमिसळ करू नये. याच बांधलेल्या काठीला टोकाशी हलकेच टिचकी मारली आणि मोबाइलवर चित्रण करून दहा सेकंदांतली आंदोलनं मोजली, तर टोकाचं वजनही उघडं पडतं. ताकद सारखी असताना जी काठी सावकाश थरथरते तिचं टोक जड. अशी काठी फेक थांबवल्यावरही टोकाशी हेलकावत राहते, आणि तो हेलकावा लाटा होऊन लाइनमध्ये उतरतो. कड्या लावण्याआधी आणि लावल्यानंतर ही मोजणी केली तर आपल्या दोऱ्यानं आणि इपॉक्सीनं काठीचं किती नुकसान केलं तेही दिसतं.

वऱ्हाडात ही काठी चालवायची कुठे, हा प्रश्न रास्त आहे. सिपना, गडगा, खापरा या मेळघाटातल्या नद्या फ्लाय फिशिंगच्या पुस्तकातल्या चित्रासारख्या दिसतात, पण व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मासेमारी करता येत नाही आणि करूही नये. हेन्री सुलिवन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' लिहून महसीर माशाचं वेड पसरवलं तेव्हा असले निर्बंध नव्हते. तेव्हा महसीर मात्र होते. आज मोर्शीजवळचं अप्पर वर्धा किंवा अकोल्याकडचं काटेपूर्णा अशा जलाशयांवर मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो. त्यांची परवानगी घेऊन काठावरून फेकता येतं. मोकळ्या धरणावर वारा असतो आणि वाऱ्यात पाच नंबरची लाइन भरकटते, म्हणून तिथे सात-आठ नंबरची काठी बरी. गवताच्या कडेला मरळ लपलेला असतो. त्याला ओढून बाहेर काढायचं तर काठीच्या खालच्या भागात जोर हवा. खालचा भाग जाड करायला काहीच हरकत नाही, त्याचं ओझं हाताजवळच राहतं.

मानवेलीची काठी आज कुणी बांधावी का? कामापुरता बांबू मिळणं पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला पूर्वीची कटकट उरली नाही. जंगलातल्या बांबूचे नियम वेगळे. धारणी तालुक्यातल्या लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रात कोरकू कारागिरांच्या हातून फर्निचरपासून राख्यांपर्यंत वस्तू तयार होतात. राखीसाठी जी बारीक पट्टी तासावी लागते ती तासणाऱ्या हाताला काठीची पट्टी तासणं अवघड जाऊ नये. अवघड आहे ते माप. दर पाच इंचांवर जाडी ठरलेली असते आणि तिच्यात केसाच्या जाडीइतकाही फरक चालत नाही, कारण दोन मिलिमीटर जाडीच्या टोकावर तो फरक चौथ्या घातानं वाढून वाकण्यात दिसतो.

चिरलेला बांबू आधी वाळवतात, मग साधारण १७५ ते १९० अंश सेल्सिअसला काही मिनिटं भाजतात. पाणी निघून जातं, पट्टी हलकी आणि ताठ होते. जास्त भाजली तर ठिसूळ होते. मानवेलीची खरी अडचण तिच्या गाठी. तिची पेरं फूट-दीड फुटाची, टोंकिनपेक्षा आखूड, आणि गाठी उठावदार. गाठीशी तंतू वाकडे जातात, तिथे पट्टी कमजोर असते, म्हणून सहा पट्ट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ देत नाहीत. एक वर, एक खाली अशा सरकवून लावतात. पेर आखूड असलं की गाठींची संख्या वाढते आणि सरकवायला जागा उरत नाही. म्हणून मानवेल निवडताना आधी सगळ्यात लांब पेरांचा, ओळंब्यात सरळ आलेला बांबू वेगळा काढावा, आणि त्यातल्याही ज्या पट्ट्यांत गाठी कमी पडतात त्या टोकासाठी राखाव्या. उरलेल्या मुठीकडे लागतात.